व्हेरिकोज व्हेन्सच्या लेझरनंतर पायाला मुंग्या, बधिरपणा? घाबरू नका, पण गप्पही बसू नका

सातारा / सांगली : व्हेरिकोज व्हेन्सचं लेझर झालं की माणूस बहुतेक वेळा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालत घरी येतो. टाके नाहीत, मोठी जखम नाही. शेजारीपाजारी बघायला येतात आणि म्हणतात, "एवढंच होतं होय!" मग आठवड्याभरानं आंघोळ करताना लक्षात येतं, की नडगीच्या आतल्या बाजूला साबण लावला तरी नीट कळत नाही. घोट्याला पैंजण लागतंय, पण ते दुसऱ्याच कुणाच्या पायाला लागल्यासारखं वाटतंय. कधी मुंग्या येतात, कधी मिरची लागल्यासारखी आग होते.

इथं दोन प्रकारची माणसं दिसतात. एक जण घाबरतो, पायावरून वारं गेलं असं समजतो आणि गावभर सांगत सुटतो की लेझर करू नका. दुसरा चार-सहा महिने कुणालाच काही बोलत नाही. दोघांचंही नुकसान होतं. बधिरपणा बहुतेक वेळा हळूहळू कमी होतो, म्हणून पहिल्याची भीती फुकाची असते. पण काही लक्षणं अशी असतात की त्यात एक दिवसही थांबायचं नसतं, म्हणून दुसऱ्याचं गप्प बसणं महागात पडू शकतं. यातला फरक कसा ओळखायचा, ते आज समजून घेऊ.

आधी 'नस' म्हणजे कोणती ते ठरवू

आपल्या बोलण्यात एक मोठा घोळ आहे. हातावर हिरवी दिसते तीही नस, कंबरेत दबते तीही नस, आणि मान आखडली तरी आपण म्हणतो नस धरली. डॉक्टरांच्या हिशेबी या वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

एक आहे रक्त वाहून नेणारी शीर. व्हेरिकोज व्हेन्समध्ये फुगते ती हीच. दुसरा आहे चेतातंतू. त्यात रक्त नसतं. काटा टोचला, पाणी गरम आहे, पाऊल वर उचल, असे निरोप तो मेंदूकडे आणि मेंदूकडून पायाकडे पोहोचवतो. लेझरनं बंद करायची असते ती शीर. इजा होऊ शकते ती शेजारून जाणाऱ्या चेतातंतूला. म्हणून डॉक्टरांना नुसतं "नस दुखतेय" असं सांगू नका. बोट ठेवून दाखवा आणि कळत नाही, आग होते की जोर लागत नाही, यातलं नेमकं काय ते सांगा.

शिरा फुगतात कशामुळे?

विहिरीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह खराब झाला की पाइपातलं पाणी परत खाली उतरतं. पायाच्या शिरांतही अशाच छोट्या झडपा असतात. पायातलं रक्त हृदयाकडे वर चढताना त्या त्याला खाली घसरू देत नाहीत. झडपा निकामी झाल्या की रक्त खाली साचतं, शिरा फुगतात, वेड्यावाकड्या होतात. संध्याकाळी पाय जड होणं, सूज, खाज, घोट्याजवळ कातडी काळी पडणं आणि शेवटी न भरणारी जखम, असा हा प्रवास असतो.

आई-वडिलांना त्रास असेल, वजन जास्त असेल, बाळंतपणं झाली असतील किंवा तासन्‌तास उभं राहण्याचं काम असेल, तर शक्यता वाढते. एसटीचे वाहक, शिक्षक, हॉटेलातले आचारी, मार्केट यार्डातले हमाल, दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या बायका, अशा कितीतरी जणांच्या पायात हे दिसतं.

लेझरमध्ये नेमकं करतात काय?

पूर्वी जांघेत चीर देऊन ही शीर तारेनं ओढून काढत. घोट्यापर्यंत शीर ओढली तर चेतातंतूलाही ताण बसायचा, म्हणून पुढं बरेच सर्जन गुडघ्यापर्यंतच ओढू लागले. म्हणजे चेतातंतूची इजा लेझरनं आणलेली नाही, ती जुन्या ऑपरेशनमध्येही होती.

आता सोनोग्राफीत बघत शिरेत सुईवाटे बारीक तार घालतात आणि आतून उष्णता देऊन शीर बंद करतात. रक्त मग दुसऱ्या चांगल्या शिरांतून जातं. उष्णता दोन प्रकारे देतात, लेझरनं किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीनं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं रेडिओफ्रिक्वेन्सीला १९९९ मध्ये आणि लेझरला २००२ मध्ये मान्यता दिली. त्यानंतर ही पद्धत जगभर पसरली.

रेडिओफ्रिक्वेन्सीच्या नेहमीच्या तारेचं टोक १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापतं. गुऱ्हाळात काहिलीतला गूळ उतरवायच्या वेळी साधारण तेवढाच तापलेला असतो. लेझरच्या टोकाशी तर याहून कितीतरी जास्त उष्णता असते. ती शिरेच्या आतच राहायला हवी. बाहेर गेली तर शेजारचा चेतातंतू भाजतो.

धोका गुडघ्याखाली जास्त का?

विहिरीपासून रानापर्यंत पाइपलाइन टाकताना आपण पुष्कळदा त्याच चरीतून मोटारीची केबलही नेतो. पाइप आणि केबल लांब असतील तर पाइप तापवला तरी केबलला काही होत नाही. दोन्ही चिकटून असतील तर केबलचं आवरण वितळतं.

पायातही असंच आहे. आतल्या घोट्यापासून जांघेपर्यंत एक लांब शीर जाते. ती सगळ्यात जास्त बिघडते. मांडीत तिच्याजवळ मोठा चेतातंतू नसतो, तो खोलातून जातो. पण गुडघ्याखाली एक चेतातंतू वर येतो आणि घोट्यापर्यंत या शिरेला खेटून उतरतो. त्याला धग लागली तर नडगीची आतली बाजू आणि आतल्या घोट्याजवळचा भाग बधिर होतो.

दुसरी शीर पोटरीच्या मागून गुडघ्याच्या मागच्या खोलगट भागाकडे जाते. तिच्या शेजारच्या चेतातंतूला इजा झाली तर पोटरीची मागची बाजू, बाहेरचा घोटा आणि करंगळीकडची पावलाची कड बधिर होते.

हे दोन्ही चेतातंतू फक्त स्पर्श कळवतात. ते दुखावले तर बधिरपणा येतो, आग होते, पण पायाचा जोर जात नाही. खरी काळजी गुडघ्याच्या मागे आणि बाहेरच्या बाजूला असते. तिथून पाऊल हलवणारे चेतातंतू जातात. त्यांना इजा झाली तर चवडा वर उचलता येत नाही, पाऊल लुळं पडतं. असं क्वचितच होतं, पण झालं तर चालणंच बदलतं.

मुख्य शीर बंद केल्यावर वरवरच्या गाठी बारीक छिद्रं पाडून हुकनं काढतात. त्यातही कातडीखालचा एखादा बारीक चेतातंतू दुखावू शकतो आणि रुपयाएवढी जागा बधिर राहू शकते.

डॉक्टर चेतातंतू कसा वाचवतात?

पहिला उपाय पाण्याचा. उष्णता देण्याआधी सोनोग्राफीत बघून शिरेच्या चहूबाजूंनी सलाइन आणि बधिर करणारं औषध सुईनं सोडतात. लांब शिरेला सलाइनची अर्धी ते एक बाटलीही लागू शकते. त्यामुळं शिरेभोवती पाण्याची गादी तयार होते. चेतातंतू बाजूला सरकतो, धग पाण्यातच जिरते आणि दुखतही नाही. हे काम निवांत, नीट बघून होणं फार महत्त्वाचं असतं.

दुसरा उपाय म्हणजे वेळेत थांबणं. झडपा मांडीतल्याच बिघडल्या असतील तर घोट्यापर्यंत उष्णता द्यायची गरज नसते. बरेच डॉक्टर गुडघ्याच्या आसपास थांबतात. घोट्याजवळ जखम असेल तर कधी कधी खाली जावंच लागतं. तेव्हा थोडा बधिरपणा येण्याची जोखीम आणि जखम भरण्याचा फायदा, असा तो सौदा असतो. तो डॉक्टरांनी तुम्हाला आधी सांगायला हवा.

तिसरी गोष्ट भुलेची. फक्त जागा बधिर करून उपचार केला तर तुम्ही जागे असता. मध्येच पायात वीज चमकल्यासारखी झणझणली तर लगेच सांगता येतं आणि डॉक्टर थांबतात. पाठीत इंजेक्शन देऊन कंबरेखालचा भाग बधिर केला असेल तर ही सूचना मिळत नाही. तब्येतीमुळं किंवा दोन्ही पाय एकदम करायचे असल्यामुळं डॉक्टर तशी भूल निवडू शकतात. कारण विचारायला हरकत नाही.

उष्णतेशिवायचा पर्याय आहे का?

आहे. एकात शिरेत खास वैद्यकीय गोंद सोडून ती चिकटवतात. दुसऱ्यात औषधाचा फेस करून इंजेक्शननं शिरेत सोडतात. दोन्हींत उष्णता नसते, त्यामुळं चेतातंतू भाजण्याची भीती राहत नाही. पण गोंदाचं साहित्य महाग असतं आणि काहींना त्याची अॅलर्जी येते. फेस स्वस्त पडतो, पण शीर पुन्हा उघडण्याची शक्यता त्यात जास्त असते.

ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २०१३ मध्ये दिलेल्या सल्ल्यात क्रम असा आहे: आधी लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी, ते जमत नसेल तर फेस, तेही जमत नसेल तर ऑपरेशन. तेव्हा चेतातंतूच्या भीतीनं लेझर वाईट ठरवायचं कारण नाही. आपल्या पायाला कोणती पद्धत बसते, एवढंच बघायचं.

न भरणारी जखम असेल तर उपचार लांबवूही नयेत. ब्रिटनमध्ये अशा ४५० रुग्णांचा अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांना दाबपट्टी होतीच. ज्यांच्या शिरा लवकर बंद केल्या त्यांच्यापैकी निम्म्यांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या. ज्यांना थांबवलं त्यांना त्यासाठी ८२ दिवस लागले. मजुरीवर जाणाऱ्या माणसाला २६ दिवस म्हणजे जवळजवळ महिन्याची हजेरी.

होकार देण्याआधी हे सात प्रश्न विचारा

शिबिरात किंवा जाहिरातीत "बिनटाक्याचं, तासाभरात घरी" असं लिहिलेलं असतं. त्यात खोटं काही नाही. पण टाका नाही म्हणजे जोखीम नाही, असं होत नाही. म्हणून विचारा:

१. माझी कोणती शीर बिघडली आहे? आतली लांब की पोटरीमागची?
२. उभं राहून डॉपलर सोनोग्राफी केली का? तिचा रिपोर्ट मला मिळेल का?
३. उष्णता कुठपर्यंत देणार? गुडघ्याखाली जाणार असाल तर का?
४. भूल कोणती देणार?
५. माझ्या पायाला गोंद किंवा फेस चालेल का? खर्चात किती फरक पडेल?
६. बधिरपणा आला तर साधारण कुठं येईल आणि तुमच्या रुग्णांत तो किती जणांना येतो?
७. रात्री-अपरात्री त्रास झाला तर कुणाला फोन करायचा?

मधुमेह असेल, आधीपासून पायाला मुंग्या येत असतील, कंबरेतून पायात कळ जात असेल किंवा बी-१२ कमी असेल, तर तेही सांगा. उपचाराआधी दोन्ही पायांचा स्पर्श तपासून केसपेपरवर लिहून घ्यायला सांगा. नाहीतर जुना बधिरपणा कोणता आणि नवा कोणता, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

खर्चाचा प्रश्न असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचा उपचार बसतो का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. योजनेचा फोन नंबर १५५३८८ आहे. दुसरं मत हवं असेल तर मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सांगलीचं वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, साताऱ्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा कराडचं कृष्णा रुग्णालय इथल्या शस्त्रक्रिया विभागात रिपोर्ट दाखवता येतील.

घरी आल्यावर: कशाला वाट बघायची, कशाला नाही

पहिले काही तास पाय जड आणि बधिर असतो, तो भुलेमुळं. त्यानंतर घरच्या घरी एक तपासणी करा. खुर्चीवर बसा, टाच जमिनीला टेकवा आणि चवडा वर उचला. दोन्ही पायांचा सारखा उचलला जातो का बघा. मग भिंतीला धरून चवड्यांवर उभं राहून बघा.

*लगेच, त्याच दिवशी फोन करा:* भूल उतरायच्या वेळेनंतरही चवडा उचलत नसेल, चालताना पाऊल घासत असेल, चप्पल पायातून निसटत असेल. कधी कधी गुडघ्याच्या बाहेरच्या हाडाजवळ पट्टी फार घट्ट बसल्यानं तिथला चेतातंतू दाबला जातो. पट्टी वेळीच सैल केली तर पाऊल वाचू शकतं, म्हणून सकाळची वाट बघू नका. बोटं गार किंवा निळी पडली तरीही तसंच करा.

*थेट दवाखाना गाठा:* पोटरी अचानक सुजून दगडासारखी झाली, खूप दुखतेय, किंवा दम लागतोय, छातीत दुखतंय. हे चेतातंतूचं लक्षण नाही. आतल्या शिरेत रक्ताची गाठ झाल्याचं असू शकतं. दम लागत असेल तर १०८ ला फोन करा.

*पुढच्या तपासणीला नक्की सांगा:* एखादी जागा बधिर आहे, मुंग्या येतात, कपडा लागला तरी झोंबतं, पण पायात जोर आहे. यात धावपळ नको. मात्र सांगायचं राहू देऊ नका.

बरं व्हायला किती दिवस लागतात?

नुसती धग लागली असेल तर काही आठवड्यांत फरक पडतो. चेतातंतूचा आतला धागा तुटला असेल तर तो पुन्हा वाढतो, पण वेग असतो दिवसाला साधारण एक मिलिमीटर. म्हणजे पोटरीपासून घोट्यापर्यंत २० सेंटिमीटर जायचं तर २०० दिवस, जवळजवळ सात महिने. म्हणून तीन महिन्यांत फरक पडला नाही म्हणून आशा सोडू नका. मधेच मुंग्या वाढल्या तर ते धागा वाढत असल्याचंही लक्षण असू शकतं. काही थोड्या जणांत छोटीशी जागा कायमची बधिर राहते. त्यांच्या चालण्यात, कामात फरक पडत नाही, पण हे आधी माहीत असलेलं बरं.

एक सोपी युक्ती: बधिर भागाच्या कडेनं पेननं रेघ मारा आणि मोबाइलवर फोटो काढा. दर महिन्याला असंच करा. जागा लहान होतेय की तशीच आहे, हे तुम्हालाही दिसेल आणि डॉक्टरांनाही.

आग फार होत असेल तर डॉक्टर चेतातंतूंच्या दुखण्याच्या गोळ्या देतात. त्यांनी झोप आणि चक्कर येते, म्हणून दुकानातून परस्पर घेऊ नका. जोर गेला असेल तर फिजिओथेरपी आणि चवडा उचलून धरणारा पट्टा लागतो. चेतातंतूची मशीनवरची तपासणी साधारण तीन आठवड्यांनी केली तर जास्त उपयोगी माहिती देते.

घरी हे करू नका

बधिर जागेला गरम पाण्याची पिशवी, विटेचा शेक, गरम तेल लावू नका. चटका बसला तरी कळणार नाही आणि सकाळी फोड दिसेल. बिब्बा घालणं, डाग देणं तर अजिबात नको. अशा जखमा मधुमेह असणाऱ्यांच्या पायात महिनोन्‌महिने चिघळतात. रानात अनवाणी जाऊ नका. रोज संध्याकाळी पाय धुऊन, पुसून, उजेडात दोन्ही बाजूंनी बघा. आजी-आजोबांना वाकता येत नसेल तर घरातल्या पोरांनी बघावं. डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं आणि मोजे मात्र सोडू नका.

कागद जपून ठेवा, हक्क माहीत असू द्या

सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलं, की रुग्णाची संमती घेण्याआधी उपचार काय, कशासाठी, पर्याय कोणते आणि मोठ्या जोखमा कोणत्या, हे त्याला समजेल असं सांगायला हवं. म्हणून फॉर्म मराठीत मागा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या, मगच सही करा.

डॉपलर रिपोर्ट, संमतीपत्र, ऑपरेशनची नोंद आणि डिस्चार्ज कार्ड यांच्या प्रती घ्या. वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णानं मागितल्यावर ७२ तासांच्या आत कागदपत्रं द्यायची असतात. कागद घरात भिजतात, हरवतात, म्हणून मोबाइलवर फोटोही काढून ठेवा.

हेही तितकंच खरं, की गुंतागुंत झाली म्हणजे डॉक्टरांचा हलगर्जीपणा झालाच, असं नाही. जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच तसं म्हटलं आहे. काळजी घेऊनही चेतातंतूला धग लागू शकते. त्यामुळं आधी त्याच डॉक्टरांकडं जा, शांतपणे विचारा. बहुतेक गोष्टी तिथंच सुटतात. जोखीम सांगितलीच नाही, तक्रारीकडं लक्षच दिलं नाही, असं खरोखर झालं असेल, तर सातारा आणि सांगली दोन्हीकडं जिल्हा ग्राहक आयोग आहेत. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथं तक्रार करावी लागते.

पायाच्या फुगलेल्या शिरांवर आज चांगले उपचार आहेत आणि भीतीपोटी ते टाळून घोट्याची जखम वर्षानुवर्षं वागवण्यात काही अर्थ नाही. उपचाराआधी एकच प्रश्न विचारायचा झाला तर हा विचारा: "डॉक्टर, उष्णता कुठपर्यंत नेणार, आणि तिथं शेजारी काय आहे?" आणि घरी आल्यावर त्याच संध्याकाळी खुर्चीत बसून चवडा एकदा वर उचलून बघा.

(ही माहिती समजून घेण्यासाठी आहे. तुमच्या पायाचा निर्णय तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.)